डब्याच्या पत्र्याचा तुकडा

परभणीत माझे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आदल्या दिवशी, म्हणजे १६ सप्टेंबरला, दुकानासमोर गिअरच्या सायकलींची रांग लागते, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांना फेरीला निघायचे असते. सायकल साठ हजारांची असते, पण चेनला वर्षभर फडके लागलेले नसते आणि मोटारी धुतात तिथे प्रेशरने पाणी मारून हबमधले ग्रीस पार घालवलेले असते. चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंचांत बसायला हव्यात. त्या एक अष्टमांश इंचाने वाढल्या की चेन दातऱ्यांनाही खाऊ लागते, हे मी पट्टी लावून दाखवतो आणि लोक मान डोलावून निघून जातात.

त्या रांगेत एक काका आपली काळी दांडीची सायकल घेऊन उभे होते. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर पाटकरी, म्हणजे शेतांना पाणी सोडणारा, म्हणून त्यांची नोकरी झालेली. सगळा कालवा याच सायकलीवर फिरलो, असे ते म्हणाले. "भाऊ, डावं पायडल ठक्‌ ठक्‌ वाजायलंय," एवढीच तक्रार होती.

असा आवाज बहुधा कॉटरचा असतो. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, मधल्या एक्सलवर धरून ठेवणारी ही साडेनऊ मिलिमीटर जाडीची पिन असते आणि तिचा तासलेला चपटा उतार एक्सलच्या खाचेवर घट्ट बसावा लागतो. नट आवळून कॉटर आत ओढला जाईल असे अनेकांना वाटते, पण नट फक्त बसलेला कॉटर जागेवर धरतो. कॉटर बसवायचा तो ठोकूनच, आणि ठोकताना क्रँकखाली पाइपचा आधार द्यायचा, नाहीतर प्रत्येक घाव आतल्या छर्‍यांवर जातो. मी आधार देऊन कॉटर काढला, तेव्हा त्याच्याबरोबर पत्र्याची एक पातळ, चकचकीत पट्टी बाहेर पडली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तो कॉटरभोवती गुंडाळलेला होता आणि त्यामुळे क्रँकचे छिद्र एका बाजूने लांबट झाले होते.

मी सगळ्यांसमोर त्यांना बोललो. अशाने क्रँक वाया जातो, चढावर पाय निसटून दात पडतील, असे बरेच काही बोललो. त्यांनी मान खाली घातली. "चूक हाय माझी. पन बाजारातला कॉटर म्हैनाभर बी टिकत नाई," ते हळूच म्हणाले आणि पिशवीतून चिंधीत बांधलेला एक जुना कॉटर काढून माझ्यासमोर ठेवला. तो नोकरीच्या काळातला शेवटचा होता, म्हणून त्यांनी जपून ठेवला होता आणि पत्र्यावर भागवत होते.

मी माझ्या डब्यातल्या नव्या कॉटरला कानस लावली, तर लोखंड साबणासारखे निघू लागले. त्यांच्या कॉटरवरून मात्र कानस नुसती घसरत होती. असला मऊ माल आम्हाला ठोकने विकणाऱ्यांवर माझा फार राग आहे आणि तोच माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालून वर त्यालाच शहाणपण शिकवणारा मीही त्यांच्याच पंगतीतला आहे, हे मला त्या क्षणी जाणवले.

गिअरवाल्यांना थांबवून मी तो जुना कॉटर पाऊण तास घासला. उतार थोडा जरी चुकला तरी दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत, म्हणून तीन वेळा बसवून पाहिला. नियमाने क्रँकच बदलायला हवा होता. काका नको म्हणाले आणि मी ऐकले. कॉटर चालवल्यावर आणखी आत बसतो आणि नट सैल पडतो, म्हणून चार दिवसांनी नक्की या, असे मी त्यांना दोनदा बजावले.

आज नववा दिवस आहे. लांबट छिद्राचा तो क्रँक मी रस्त्यावर जाऊ दिला, हे मनातून जात नाही. त्यांना शोधत जावे म्हटले, तर बोलण्याच्या भरात मी त्यांच्या गावाचे नावही विचारलेले नाही.