नवतप्यात बंद पडलेला फोन

मागच्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, नागपुरात मानेवाड्याला एका गच्चीवर कूलरच्या गवताच्या ताट्या बदलत होतो. पारा ४५ च्या वर, फोन शर्टाच्या खिशात. काम झाल्यावर काकू म्हणाल्या, "भाऊ, स्कॅनर दाखवा जी." बॅटरी ३४ टक्के होती. ॲप उघडलं आणि स्क्रीन काळी. चालू केला, पुन्हा तेच. काकूंनी रोख दिले, पण तेवढ्या वेळात दोन गिऱ्हाइकांचे फोन आले नि गेले. सीझनमध्ये आपला फोन लागला नाही की माणूस दुसऱ्या कूलरवाल्याला बोलावतो. आमच्या घराचं वर्ष मार्च ते जूनच्या कमाईवर निघतं.

फोन २०२१ मध्ये साडेनऊ हजारांत घेतलेला. ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज.

बर्डीवरच्या मोबाइलवाल्याने कारण सांगितलं आणि मला ते लगेच पटलं. संध्याकाळी वस्तीत व्होल्टेज पडलं की बल्ब मिणमिणतो, पण कूलरची मोटर उचलत नाही, नुसती गुणगुणते. जुन्या बॅटरीचंही तसंच. फोन पडून असला तर चार्ज दिसतो. नेट, स्क्रीन, ॲप सगळं एकदम ओढायला लागलं की व्होल्टेज बसतं आणि फोन बंद होतो. मागचं झाकण एका कोपऱ्यात नख जाईल इतकं उचललेलं होतं. त्याने ते काढलं तर आत बॅटरी उशीसारखी टम्म. मी बोट लावायला गेलो तर ओरडला, "दाबू नका भाऊ, पेट घेते!" लिथियमची बॅटरी उन्हाने लवकर म्हातारी होते, त्यात पूर्ण भरलेली असली तर आणखीच. मी रात्रभर चार्जिंगला लावायचो आणि दिवसभर तापल्या खिशात ठेवायचो.

९०० रुपयांत बॅटरी बदलली. बंद पडणं थांबलं, पण फोन हळू चालणं, मधेच अडकणं तसंच राहिलं. गिऱ्हाइकं बिघडलेल्या पंपाचे व्हिडिओ पाठवतात, त्यानेच स्टोरेज काठोकाठ भरलेलं. बरंच उडवलं, थोडा फरक पडला. स्टोरेजची चिप बोर्डालाच झाळलेली असते, ती काही वाढवता येत नाही.

घरचे म्हणत होते, बदलून टाका. माझं मन होत नव्हतं. बाबांनी १९९६ मध्ये घेतलेला कूलर आजही आमच्या खिडकीत आहे. मोटर दोनदा रिवाइंड केली, खालची टाकी नव्या पत्र्याची केली, पंप किती बदलले त्याचा हिशेब नाही. गिऱ्हाइकालाही मी उगाच नवीन घ्या म्हणत नाही. मग एका रात्री सेटिंगमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख पाहिली. २०२३. म्हणजे तेव्हापासून सापडलेली भोकं या फोनमध्ये तशीच उघडी, आणि त्यातच माझं बँकेचं खातं. पत्रा गंजला तर मी बदलू शकतो. हे कोणताच मेकॅनिक करून देऊ शकत नाही. तिथे माझं ठरलं.

पाऊस लागल्यावर १४ हजारांचा घेतला, ६ जीबी आणि १२८ जीबीचा. दुकानात कॅमेऱ्याबद्दल विचारलंच नाही. अपडेट किती वर्षं मिळणार, एवढंच दोनदा विचारून घेतलं. जुन्यातून बँकेचं ॲप काढलं, खाती पुसली. आता त्यावर पोरगी गणिताचे व्हिडिओ बघते.

यंदा फोन गच्चीवर नेत नाही. जिन्याच्या सावलीत हत्याराच्या पिशवीवर ठेवतो, रिंग पूर्ण मोठी करून. वाजला की हातातली ताटी खाली ठेवून उतरतो.