मोल्डरची परीक्षा सगळीकडे सारखी व्हावी म्हणून

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात म्हणजे फाउंड्रीत, सुपरवायझर म्हणून काम करताना एक गोष्ट कायम खटकायची. आयटीआयचा एक वर्षाचा फाउंड्रीमन ट्रेड केलेला, काही महिन्यांचा कोर्स केलेला आणि १९६१ च्या कायद्याखाली अप्रेंटिस राहिलेला, अशी तिन्ही प्रकारची मुलं सर्टिफिकेट घेऊन यायची. मोल्डिंगवर, म्हणजे वाळूचे साचे बनवायला, कुणाला उभं करायचं, हे त्या कागदावरून कळायचं नाही. त्यामुळे कारखानदार आणि प्रशिक्षण संस्था मिळून समान निकष ठरवणार म्हटल्यावर मी लगेच होकार दिला.

कुठलं कौशल्य कुठल्या स्तराचं हे ठरवणारी राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट २०१३ पासून आहेच. २०२३ मध्ये तिचे दहा स्तर आठ झाले. पण ती साऱ्या देशासाठी. परीक्षेला मुलाच्या हातात काय द्यायचं आणि गुण कशावर द्यायचे, हे आम्हालाच बसून ठरवायचं होतं.

गाडी अडली ती वाळूवर. संस्थेतल्या सरांचं म्हणणं, ओलावा मोजता आला पाहिजे: पन्नास ग्रॅम वाळू १०५ ते ११० अंशांवर वाळवायची, पुन्हा वजन करायचं, घट होईल तेवढा ओलावा. आमच्या जुन्या मोल्डर मामांनी मूठभर वाळू दाबली, मूठ उघडून बोटांचे ठसे दाखवले आणि तो गोळा मधोमध मोडला. कडा जराही ढासळली नाही. ‘‘सर, भट्टी चालू असताना वाळवत बसणार काय? मुठीत कळाय पायजे पोरांना.’’

दोघांचंही बरोबर होतं. वाळू जास्त ओली झाली की वाफ धरून कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लो होल (वाफेच्या पोकळ्या) पडतात. कोरडी राहिली की साचा ढासळतो. शेवटी असं लिहिलं की मुलानं आधी मुठीवरून अंदाज कागदावर लिहायचा, मग मोजायचं, आणि दोन्हींत फरक किती यावर गुण. मला स्वतःला हा निकष सगळ्यांत आवडतो.

मग तेच साचे वेगवेगळ्या परीक्षकांनी एकमेकांना न विचारता तपासले. गुणांत केवढी तफावत! कुणी वरची सफाई बघितली, कुणी कोपऱ्यातलं ठोकणं, कुणी हवा जायची भोकं. म्हणून ‘साचा चांगला’ असली वाक्यं काढून टाकली आणि हार्डनेस टेस्टर (साचा किती घट्ट ठोकलाय ते मोजायचं उपकरण) साच्यावर नेमका कुठं टेकवायचा, त्याचं चित्रच जोडलं.

सुरक्षिततेला मात्र गुण ठेवले नाहीत. लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं, नीट तापवून कोरडी न करता कुणी लोखंड ओतायला निघाला, तर परीक्षा तिथंच थांबवायची. ओलसर लॅडलमधून रस उसळला तर माणूस भाजतो. तिथं अर्धे गुण कसले द्यायचे? यावर कुणीच वाद घातला नाही.

शेल कोअरचा (कास्टिंगच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायच्या वाळूच्या पोकळ गाभ्याचा) भाग अजून राहिलाय, कारण सगळ्या संस्थांकडे ते मशीन नाही. सुट्टीच्या दिवशी आमच्या मशीनवर मुलांना हात बसवू द्या, असं मी मालकांना सांगून ठेवलंय.