टाच

परवा बुधवारी दुपारी दोनला फोनचा गजर वाजला. स्क्रीनवर एकच शब्द: टाच. 2024च्या सप्टेंबरात लावलेला गजर, बंद करायचा राहूनच गेलाय. मध्ये फोन बदलला, तर नव्या फोनवर तो आपणहून येऊन बसला.

टाच माझी नव्हे, ख्रिश्चन मॅकॅफ्रीची. अमेरिकन फुटबॉलमधल्या फोर्टीनायनर्स संघाचा रनिंग बॅक. संघाच्या नावात सॅन फ्रान्सिस्को असलं तरी मैदान आमच्या सनीवेलला खेटून, सांता क्लारात. आमच्या ऑफिसात दरवर्षी दहा जणांची फँटसी लीग असते. प्रत्येकानं खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ बांधायचा. ते खऱ्या मैदानावर धावतील तसे आपल्याला गुण. त्या वर्षी चिठ्ठीत माझा नंबर पहिला आला. पहिला नंबर म्हणजे मॅकॅफ्री, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. 2023 साली धावून 1,459 यार्ड, खऱ्या लीगमध्ये सर्वांत जास्त. धावून आणि झेलून मिळून 21 टचडाऊन, म्हणजे तितक्यांदा चेंडू शेवटच्या रेषेपार. मी कॉलर ताठ करून त्याचं नाव सांगितलं.

रनिंग बॅकचं काम म्हणजे चेंडू पोटाशी कवटाळून समोरच्या शंभर-सव्वाशे किलोच्या माणसांच्या भिंतीत शिरायचं. कबड्डीतली चढाईच, फक्त इथे जवळजवळ प्रत्येक चढाईला पकड ठरलेली. असं वर्षात दोन-अडीचशे वेळा. अंग कुरकुरणार नाही तर काय!

त्या मोसमाआधी सरावात आधी पोटरी धरली म्हणाले, मग टाचेमागची शीर. तीही दोन्ही पायांची. पहिला सामना 9 सप्टेंबरला, सोमवारी रात्री, जेट्सविरुद्ध. तो खेळणार असंच सगळे धरून चालले होते. सामन्याच्या दीड तास आधी न खेळणाऱ्यांची यादी लागते, तिच्यात नाव! त्याच्या जागी जॉर्डन मेसन नावाचा पोरगा 28 वेळा धावला आणि 147 यार्ड काढून मोकळा झाला. मेसनला आमच्यातल्या एकानं शेवटच्या फेरीत, उरलासुरला म्हणून उचललं होतं. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात पेढे वाटायचा तेवढा बाकी होता.

तेव्हापासून तो गजर. संघांना आठवड्यातून तीनदा दुखापतींची यादी जाहीर करावी लागते, बुधवारची पहिली. कोणी सराव केला नाही, कोणी 'लिमिटेड' केला, कोणी 'फुल'. मग शुक्रवारी निकाल: 'क्वेश्चनेबल', 'डाऊटफुल', 'आऊट'. पूर्वी 'प्रॉबेबल' अशीही एक पायरी असायची. 2016मध्ये ती काढून टाकली. मला ते पटलेलं नाही. 'प्रॉबेबल' म्हणजे आपलं 'बरंय'. आपल्याकडे निम्मी जनता त्याच पायरीवर आयुष्य काढते. कसं काय? बरंय. गुडघा? बरंय. झोप? बरीय. ही पायरी काढली तर आमच्या घरातलं कोणीच त्या यादीत बसणार नाही.

त्या वर्षी आई सहा महिने आमच्याकडे होती. मी घरून काम करत असलो की बुधवारचा गजर तिलाही ऐकू जायचा. दुसऱ्या-तिसऱ्या बुधवारी तिनं विचारलं, "कुणाची टाच रे?" मी घाईत म्हणालो, "अगं, आमच्या टीममधल्या एकाची." तिच्या लेखी टीम म्हणजे ऑफिसची. पुढे रोज चहाला चौकशी: "त्या मुलाची टाच काय म्हणते?" तो उपचाराला जर्मनीला गेलाय असं सांगितल्यावर ती चकितच झाली. "टाचेसाठी जर्मनी? आंबेहळद उगाळून गरम लेप द्या म्हणावं." मग थोडं थांबून, "नाहीतर तू जाऊन ये की एकदा त्याच्याकडे."

हे ती अगदी सहज म्हणाली, कारण मी पायाळू आहे.

पायाळू म्हणजे काय ते इथल्या मित्रांना सांगायच्या फंदात मी कधी पडलो नाही. कराडला आमच्या आळीत मात्र ती माझी पदवी होती. कुणाच्या पाठीत उसण भरली की बोलावणं यायचं. माणूस पालथा पडलेला. मी भिंतीला हात टेकून डाव्या पायाची टाच तीनदा त्याच्या कमरेला लावायची, बोलायचं नाही, मागे वळून न बघता घरी यायचं. फी एक लिमलेटची गोळी. पायाळू असण्याचे तोटेही होते. वीज पायाळूवर पडते म्हणून वळवाच्या पावसात आजी मला अंगणात फिरकू द्यायची नाही. गुप्तधन दिसतं म्हणतात. मला अजून दिसलेलं नाही, आणि फँटसी लीगचा निकाल बघता दिसेलसं वाटतही नाही.

तर मॅकॅफ्री. राखीव जखमी यादीत टाकल्यावर बुधवारच्या यादीतूनही त्याचं नाव गेलं, तरी गजर वाजत राहिला. पहिले आठ सामने कोरडे गेल्यावर 10 नोव्हेंबरला तो टँपा बेविरुद्ध उतरला. 13 वेळा धावून 39 यार्ड, सहा झेल. सिअ‍ॅटलविरुद्ध 79, ग्रीन बेमध्ये 31. आकडे वाईट नव्हते, पण बघताना कळत होतं. तो पूर्वी फट दिसायच्या आत फटीत असायचा. आता फट दिसल्यावर जात होता. तेवढ्यात ती मिटायची. पाय नव्हे, पायावरचा भरवसा लंगडत होता, असं आपलं मला वाटलं. मी कोण म्हणा!

1 डिसेंबरला बफेलोत सामना होता. आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. मैदानावर इतका बर्फ की रेषा दिसेनात. "एवढ्या बर्फात कशाला खेळायला लावतात पोरांना?" ती पुटपुटली. आणि त्या बर्फात हा पहिल्यांदा जुन्यासारखा धावायला लागला. सात धावांत 53 यार्ड. मी उठून उभा राहिलो. तेवढ्यात तो पडला, उठला, आणि उजवा पाय जपत बाहेर गेला. या वेळी टाच नव्हे, गुडघ्यातलं लिगामेंट. मोसम संपला: चार सामने, 202 यार्ड, टचडाऊन शून्य. त्याच सामन्यात मेसनचाही घोटा गेला. मला आनंद झाला नाही, असं लिहायला हवं.

तो बाहेर जाताना आईला एकदम उलगडलं. "अरे, हाच का तो? टाचेचा?" मी मान हलवली. "मग बसवायचं ना घरी अजून महिनाभर. बरा आहे असं सांगितलं कुणी?"

कुणी म्हणजे त्यानंच सांगितलं असणार, अजून कोण सांगणार? बापाकडे त्यानं पाहिलेलंच आहे. एड मॅकॅफ्री डेन्व्हरकडून खेळताना 2001च्या सप्टेंबरात, असाच मोसमाचा पहिला सामना, असाच सोमवार, पाय मोडून बाहेर गेला. पोरगा तेव्हा पाच वर्षांचा. एड पुढच्या वर्षी परत खेळला.

आईच्या त्या प्रश्नानं मला एकदम आमच्या समोरचे मास्तर आठवले. माझं सगळ्यांत नेमाचं गिऱ्हाईक. दर पंधरवड्याला त्यांची उसण. ओसरीवर चटई टाकून पालथे पडायचे, मी तीनदा टाच लावायचो, की लगेच उठून धोतर झटकत म्हणायचे, "गेली बघ!" मग पंधरवडा आठवड्यावर आला. मला वाटलं, माझी ख्याती वाढतेय. उसण नव्हतीच ती, मणक्याचं काहीतरी होतं, हे मला खूप उशिरा कळलं, मोठ्यांच्या बोलण्यातून.

त्यांना मिरजेला नेलं, त्याच्या आदल्या संध्याकाळीही मला बोलावणं आलं होतं. या वेळी चटई नव्हती, ते पलंगावरच पालथे होते. मी पलंगावर चढून तीनदा टाच लावली. "गेली बघ," मास्तर उशीत तोंड असतानाच म्हणाले, आणि चाचपडत उशीखालून लिमलेटची गोळी काढून माझ्यापुढे धरली. उठले मात्र नाहीत.