किती नऊ, ते नंतर विचारा

आमच्या छोट्या कंपनीत एसएलए, म्हणजे ऑनलाइन सेवा किती वेळ चालू राहील याचं वचन देणारे करार, वाचायचं काम माझ्याकडे येतं. डेव्हलपरांना त्यातली भाषा नको असते, वकिलांना त्यातलं तंत्र. क्लायंट मात्र एकच विचारतो: "मॅडम, थ्री नाइन्स की फोर?"

थ्री नाइन्स, ९९.९ टक्के, म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद चालेल. फोर नाइन्स, ९९.९९, म्हणजे जेमतेम सव्वाचार.

पण बंद कशाला म्हणायचं? मी आधी ते कलम शोधते. अ‍ॅमेझॉनच्या एस३ चं, म्हणजे त्यांच्या क्लाउडवर फाइली ठेवायच्या सेवेचं बघा. पाच-पाच मिनिटांचे तुकडे पाडायचे, प्रत्येकात किती रिक्वेस्ट त्यांच्या बाजूच्या एररने परतल्या ते काढायचं आणि महिन्याची सरासरी घ्यायची. उत्तर वीस सेकंदांनी आलं तर? आलं ना, मग ती एरर नाही. आपल्या अ‍ॅपने दहाव्या सेकंदालाच हात टेकले, ते आपण बघून घ्यायचं.

भरपाईचंही तसंच. अपटाइम, म्हणजे सेवा चालू राहिल्याचा टक्का, ९९.९ च्या खाली पण ९९ च्या वर राहिला, तर त्या सेवेच्या बिलावर १० टक्के क्रेडिट. वीस हजारांच्या बिलावर दोन हजार, तेही पुढच्या बिलातून वजा, आणि मुदतीत आपण लॉग (रिक्वेस्टच्या नोंदी) जोडून मागितले तरच. बुडालेल्या ऑर्डरींचं नावही नाही.

म्हणून मोजणी आपली आपण करायची, आणि दुसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवरून. २८ फेब्रुवारी २०१७ ला एका चुकीच्या कमांडमुळे व्हर्जिनियातलं एस३ काही तास आडवं झालं, तेव्हा अ‍ॅमेझॉनचं स्टेटस पान (कोणती सेवा चालू, कोणती बंद ते दाखवणारं) अपडेट करणारी यंत्रणाही एस३ वरच उभी होती. पान हिरवंच!

शिवाय साखळी असते. लॉगिन, पेमेंट, एसएमएस, नकाशा, डेटाबेस: पाचही ९९.९ चे आणि एकही बंद पडून चालणार नसेल, तर हाती उरतात ९९.५. महिन्याला साडेतीन तासांहून जास्त.

भोसरीच्या एका कारखानदारांना फोर नाइन्सच हवे होते. मी विचारलं, रात्री अकराला एपीआय, म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरला त्यांच्या सेवेशी जोडणारा दुवा, मेला तर? "कोण असतंय तेव्हा!" माल निघतो चार ते सहात. करारात नियोजित मेंटेनन्स डाउनटाइममध्ये (बंद वेळेत) धरत नव्हते, आणि वेळ ठरवायचा हक्क व्हेंडरचा. आम्ही टक्क्यांना हात लावला नाही. मेंटेनन्स रात्री एकनंतरच, एवढी एक ओळ घालून घेतली.