आत्याच्या चेहऱ्यातले कटिंगचे कागद

माझ्या आत्याने नागपूरच्या महाल भागातल्या घरी आयुष्यभर ब्लाउज शिवले. गिऱ्हाइकाचं माप घेतलं की ती जुन्या वर्तमानपत्रावर कटिंग काढते, कडेला नाव लिहिते आणि कागद खुंटीला अडकवते. तिचं पोर्ट्रेट मिश्र माध्यमात, म्हणजे रंगासोबत कागद-कापड चिकटवून, करावं असं वाटलं ते या कागदांपायी. नुसत्या तैलरंगात आत्या दिसली असती, तिचं काम दिसलं नसतं.

मिश्र माध्यमातली पुष्कळ चित्रं मला पटत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. चेहरा नेहमीसारखा रंगवायचा आणि भोवती लेस, बटणं, जुनी तिकिटं चिकटवायची, म्हणजे नुसतं मखर. पिकासोने १९१२ साली वेताच्या विणीचं छापील ऑइलक्लॉथ चित्रात चिकटवलं, तेव्हा ते कापड चित्रात वेताच्या खुर्चीचं काम करत होतं. मलाही कागदाकडून गालाचं काम करून घ्यायचं होतं.

माणूस ओळखू येतो तो रंगापेक्षा उजेड-सावलीवरून. म्हणून आत्याकडून आणलेले कागद आणि कतरणी मी रंगावरून नाही, छटेवरून वेगळ्या केल्या. सगळा पसारा जमिनीवर मांडायचा, मोबाइलमध्ये कृष्णधवल फोटो काढायचा आणि बघायचं. लाल खण आणि हिरवा खण फोटोत एकाच करड्या रंगाचे निघाले. बारीक जाहिरातींचं गच्च पान दुरून छान मध्यम करडं दिसतं, ते गालाखाली गेलं. समासाची कोरी पट्टी नाकाच्या शेंड्याला. मोठे मथळे मात्र बाद. डोळा चेहरा सोडून तेच वाचत बसतो. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पाहिल्यावर ढिगातून आत्या दिसायला लागली, तेव्हाच गोंद उघडला.

त्याआधी एक अडचण सोडवावी लागली. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन असतं, त्यामुळे तो उजेडात पिवळा पडतोच. वरून मिडियम (रंगात मिसळायचा, गोंदासारखा चिकट द्रव) लावलं म्हणून थांबत नाही. म्हणून उजळ भागासाठी कटिंगची झेरॉक्स आम्लविरहित कागदावर काढली, आणि अस्सल वर्तमानपत्र फक्त सावलीत वापरलं, जिथे पिवळेपणाने बिघडायचं काही नाही. झेरॉक्सच हवी, कारण टोनर पाण्याने हलत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई बहुधा ओल्या मिडियमखाली पसरते. कापडाचा रंग सुटतो का, हेही ओल्या पांढऱ्या चिंधीने घासून पाहिलं. तो लाल खण तिथेच गळाला.

खाली कॅनव्हास घेतला नाही. एवढ्या थरांच्या वजनाने तो सैल पडतो. एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंचा, बोर्ड घेतला, मागून लाकडी पट्ट्या मारल्या आणि जेसो (रंगाआधीचं पांढरं अस्तर) दोन्ही बाजूंना लावला, म्हणजे बोर्ड एका अंगाला वाकत नाही. चिकटवायला अॅक्रिलिकचं मॅट मिडियम: कागदाच्या खाली एक हात, वर एक हात, आणि जुन्या एटीएम कार्डाने हवा बाहेर.

हे सगळं ऐन मे महिन्यात चाललं होतं. नागपूरचा पारा पंचेचाळीसवर गेला की अॅक्रिलिक ब्रशवरच वाळतं. पॅलेटमध्ये ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, असं केलं तर थोडा वेळ मिळतो. कूलर लावावा तर खोली दमट होते आणि मिडियम बराच वेळ दुधाळच राहतं. खालची छटा कळत नाही. शेवटी पहाटे कूलर बंद करून काम, आणि दुपारी कूलरसमोर झोप. या वेळापत्रकाबद्दल माझी काही तक्रार नाही.

चित्रातला सगळ्यात चांगला भाग माझा नाहीच. डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या मला दोऱ्याच्या हव्या होत्या. बोर्डावर शिवता येत नाही, म्हणून मलमलच्या तुकड्यावर पेन्सिलने रेघा काढून आत्याकडे नेल्या. "हे काय करून राहिली व तू?" म्हणत तिने मशीनला काळा रीळ लावला. सुरकुत्यांच्या जखमा झाल्या. मग तिनेच डबा उपसून मातकट तपकिरी रीळ काढला, टाका बारीक केला आणि शेवटाकडे ताण ढिला सोडला. रेघ जिथे संपायला हवी तिथे विरून गेली. ब्रशने मला ते जमलं नसतं.

डोळे आणि ओठ मात्र रंगातच ठेवले. ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टने १९०७ साली पूर्ण केलेल्या अडेल ब्लॉख-बाउअरच्या चित्रात सोन्याचा एवढा वर्ख आहे, पण चेहरा आणि हात त्याने रंगानेच केले. शेवटचे पातळ थर तैलरंगाचे. अॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, उलटं चालत नाही. तेलकट थरावर अॅक्रिलिक धरत नाही, पुढे पोपडे सुटतात.

डिसेंबरमध्ये सिव्हिल लाइन्समधल्या एका समूह प्रदर्शनात जागा मिळाली. डिसेंबर म्हणजे विधिमंडळाचं अधिवेशन. मोर्चे आणि बॅरिकेड लागण्याआधी, उजाडताच ऑटोतून चित्र नेलं. आतून बटर पेपर, बाहेरून बबल रॅप. बबल थेट रंगावर टेकला तर गोल ठसे उठतात.

मांडताना खरा घोळ दिव्यांचा. आयोजकांनी दिवा जवळजवळ डोक्यावर लावला होता. प्रत्येक कागदाच्या काठाने सावली पाडली आणि आत्या देवीच्या आजारातून उठल्यासारखी दिसायला लागली. दिवा भिंतीपासून लांब सरकवून घेतला, चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर आणला. काच लावली नाही. तिच्यात समोरची खिडकी दिसत होती आणि टाके हरवत होते. काच नाही म्हटल्यावर लोक बोट लावणारच, म्हणून खाली फुलांची कुंडी ठेवली. 'स्पर्श करू नका'च्या पाटीपेक्षा कुंडी जास्त ऐकली जाते.

आत्या आली ती दोन शेजारणींना घेऊन. चेहरा तिने ओझरता पाहिला. मग चष्मा चढवून गालाजवळ गेली आणि वाचायला लागली. "हे कुंदाचं माप आहे ना? तिची बाही अजून देणं आहे." शेजारणीने विचारलं, नाक एवढं मोठं काऊन काढलं? "आहेच ना मोठं," आत्या म्हणाली.

एका गृहस्थाने किंमत विचारली. मी आकडा सांगायच्या आत आत्या मध्ये पडली. "चित्राचं ही सांगेल, शिलाईचं वेगळं." त्यांना ते विनोदाचं वाटलं. आत्याला नाही. चित्र त्यांनी घेतलं, आणि शिलाई तिने रोख मोजून घेतली.