भोंग्यावरची नावं

वारीत दिवसभर सगळेच माऊली. पाणी देणारा माऊली, टाचेवर पाय देऊन पुढं जाणारा माऊली, टँकरपाशी बादली घुसवून वर भांडणाराही माऊलीच. खरी नावं रात्री तळावर भोंग्यातून कळतात. 'धोंडीबा, दगडाबाई, जिथं असाल तिथून मंडपाकडं या.' एकदा पांडुरंग हरवले आणि रुक्मिणीबाई खोळंबल्या, तेव्हा अख्खा तंबू हसला. मला मात्र झोप हवी होती.

दिवेघाट, सासवड, जेजुरी मागं पडली. वाल्ह्याला दिंडीतल्या निवृत्त गुरुजींनी वाल्मीकींवरून वाल्हे हे सांगितलं, आणि तेव्हापासून प्रत्येक गावाच्या पाटीपाशी त्यांची व्युत्पत्ती सुरू. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावली, डोळे भरून आले, आणि चार पावलांत टाचेच्या फोडानं रडवलं.

रस्त्याकडेला बसलो. माणदेशातल्या एका आजीनं डोक्यावरची तुळस उतरवली, पिशवीतून सुई काढली, दोऱ्याला खोबरेल चोळलं आणि फोडातून आरपार ओवला. दोन्हीकडं टोकं ठेवून दातानं तोडला. "वढू नगंस. पानी झिरपू दे." वर हळद दाबली. मी कळवळलो, तर म्हणाली, "गप."

नाव विचारलं.

"नकुसा. चौथी पोरगी मी. दुसरं काय ठेवनार?"

गुरुजींना आयतंच सापडलं. 2011 साली सातारा जिल्हा परिषदेनं अडीचशेहून जास्त नकुशींची नावं बदलली, वगैरे.

"ठावं हाय की. भावाच्या नातीचं बदाललं. साळंत ऐश्वर्या. घरात अजून नकुशीच म्हनत्यात."

गुरुजी नकुसाला धोंडीबा-दगडूच्या रांगेत बसवू लागले, ते मला पटलं नाही. आधीची लेकरं दगावली की मागच्याला दृष्ट लागू नये म्हणून धोंडा, दगड. ते मूल हवं असतं. इथं पुढचा मुलगा व्हावा म्हणून हिच्या नावानं देवाला निरोप. वाद घालायचं त्राण नव्हतं. फलटण, नातेपुते, वेळापूर त्या दोऱ्यावर चाललो.

वाखरीला गुरुजी पंढरपूरवर आले. कानडी शिलालेखांत पंडरगे. भीमा गावापाशी कोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा. पहिल्यांदाच ते थांबू नयेत असं वाटलं. आजी पायताणं झाडत होती.

"गुर्जी, न्हायापुरतं पानी हाय का तिला?"

"उजनीतून सोडलंय म्हणतात."

"मग बास."