भाडी की भांडी?

"भाडी कसली मिळतात रे इथे?" आईने विचारलं.

काल रात्री जागून संपवलेली वेबसाइट तिला दाखवत होतो. परळच्या एका केटररची. तिने फोन लांब धरला, मग जवळ घेतला, मग चष्मा कपाळावर चढवला.

भाडी नव्हे गं, भांडी! कार्याला भांडी भाड्याने मिळतील, असं लिहिलंय. पण फाँट इतका बारीक आणि रंग इतका फिकट करडा की अनुस्वारच विरघळला होता.

"अक्षरं आजारातून उठल्यासारखी दिसतायत," म्हणाली आणि फोन परत दिला.

केटररसुद्धा म्हणाला होता, "साहेब, जरा ठळक करा की." मी त्याला 'मिनिमल लुक'वर दहा मिनिटं ऐकवलं होतं. (बिचारा हो म्हणाला.)

गुपचूप कॉन्ट्रास्ट तपासला, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक. साध्या मजकुराला किमान ४.५:१ हवा, हे मला पाठ आहे. माझा निघाला २.८:१. त्यात ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलेलं. इंग्रजीत ते खपून जातं, देवनागरीत वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

रंग गडद केला, अक्षर १३ पिक्सेलवरून १७ वर नेलं, ओळी मोकळ्या केल्या. खरं सांगू? मला अजून आधीचंच देखणं वाटतं.

आईला पुन्हा फोन दिला. यावेळी चष्मा नाकावरच राहिला.

"पन्नास माणसांचं पातेलं आहे का रे त्यांच्याकडे?"